वीस ओळींची वही

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय बारके,

आशीर्वाद. तू मागितले नाहीस, तरी मोठ्या बहिणीला ते द्यावेच लागतात, तेव्हा घेऊन ठेव.

मी बरी आहे. डावा गुडघा आहे तिथेच आहे. डॉक्टर म्हणतात चालत राहा, गुडघा म्हणतो बसून राहा, मी दोघांचंही थोडंथोडं ऐकते. मेहुण्यांची तब्येत कशी आहे? डायलिसिस आठवड्यातून तीनदाच आहे ना, वाढवलं नाही ना? सुई टोचतात त्या हाताची सूज उतरली का? तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझा नवा पत्ता औषधाच्या दुकानदाराकडून काढला. आधी देईना. मी म्हटलं, अरे, मी तिची सख्खी बहीण आहे. तर म्हणतो, मग तुमच्याकडे नाही होय पत्ता? त्याचं तरी काय चुकलं म्हणा.

इकडे सगळं ठीक. तुमच्या जुन्या घरात एक जोडपं राहायला आलंय. दोघंही कामाला जातात, खिडक्या दिवसभर बंद. आधी मी दळण टाकायला निघाले की वाटेत तुझ्या खिडकीत डोकावायची आणि तू आतूनच ओरडायचीस, "आत ये, नाहीतर पुढे जा, उजेड अडवू नकोस." आता उजेड अडवला तरी कुणी बोलत नाही.

गल्ली शांत झाली आहे हे मात्र खरं. दंतवैद्याचं मशीन इथे माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. कुणाचा दात चाललाय आणि कुणाची दाढ, तेसुद्धा आता मला ओळखता येतं. ट्रक नाहीत, बस नाही, रिक्षासुद्धा कोपऱ्यावरूनच वळते. समितीनं मागितलं होतं ते सगळं मिळालं.

तुला समितीचा राग आहे, मला ठाऊक आहे. पण एक विसरू नकोस. त्या ट्रकांविरुद्ध आपण तीन वर्षं एकेकट्यानं अर्ज केले होते. तू केलास, मी केला, इस्त्रीवाल्यानं केला. कुणी पोचपावतीसुद्धा दिली नाही. मग त्याच्या मुलीच्या पायावरून ट्रक गेला, आणि आम्ही अडतीस जण नऊ दिवस रस्त्यावर बसलो. तू स्वतः कळशी घेऊन पाणी वाटत होतीस. दहाव्या दिवशी ट्रक बंद झाले. मत मागायला माणसं पाच वर्षांतून एकदा येतात, आणि ट्रक रोज जात होते. मध्ये कुणीतरी आरडाओरडा करायला नको? समिती नसती तर अजून दोघाचौघांचे पाय गेले असते. एवढं तरी तू मान्य करशील.

बसचं प्रकरण वेगळं, हे मीही मान्य करते.

आता मुद्द्यावर येते. अकरा नंबरची बस आपल्या गल्लीतून बंद केली ती सहा महिने प्रयोग म्हणून. ते सहा महिने संपत आले. ३ मार्चला पालिकेच्या कार्यालयात पुन्हा सुनावणी आहे. बस कायमची बंद करायची की परत सुरू करायची, ते त्या दिवशी ठरणार. सुरू झाली तर तुम्हाला परत इकडे राहायला येता येईल. डायलिसिसच्या केंद्राच्या दारात उतरवणारी ती एकच बस होती, आणि ती गेली म्हणून तुम्ही घर सोडलंत, हे मला माहीत नाही असं समजू नकोस. दोन गल्ल्या सोडून एक घर रिकामं होतंय, तळमजला आहे, मेहुण्यांना जिना चढायला नको. मी घरमालकाशी सहज म्हणून बोलून ठेवलंय. ही सहज म्हणूनची गोष्ट मी तीनदा बोलले आहे.

तेव्हा तू सुनावणीला ये, बोल. मागच्या वेळी गर्दी फार होती, तुला बोलायला मिळालं नाही, तू मधूनच उठून गेलीस. झालं ते झालं. सहा महिने कुणी असं तोंड फिरवून बसतं का?

मॅनेजरसाहेबांचं म्हणणं बस परत येऊ द्यायची नाही. ते अध्यक्ष, मी सचिव. काय करता येतं ते बघते. मेहुण्यांना नमस्कार सांग, आणि मीठ कमी खायला सांग. मी सांगितलं म्हणून सांग, माझं ते ऐकायचे.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय बारके,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असणार. पोस्टमन खाली भेटतो. आता तो मी विचारायच्या आधीच मान हलवतो, मग मीही असं दाखवते की मी भाजीच आणायला उतरले होते.

परवा माझ्याकडे बैठक झाली. मॅनेजरसाहेबांनी यादी हातात दिली. वीस नावं. म्हणाले, "गेल्या वेळसारखंच, बाई. नऊला जा, साडेनऊला मोकळ्या व्हा."

तुला वाटत असेल तो माणूस दुष्ट आहे. तसं नाही गं. त्यांची आई तू पाहिली आहेस. सकाळी साडेपाचला पहिल्या बसचा हॉर्न वाजला की म्हातारी दचकून जागी व्हायची, आणि मग दिवसभर मुलाला नावानं हाका मारत राहायची, मुलगा समोर उभा असला तरी. चार वर्षं त्यांनी ते काढलं. ते खरं दुखणं आहे. बाकीच्यांची दुखणी मात्र बारीकसारीक. दंतवैद्याला पेशंटच्या गाड्या लावायला जागा हवी होती. शिवणाच्या बाईंना कापडावर धूळ नको होती. प्रत्येकाचं एकेक. ते सगळं एकत्र करून अर्ज झाला आणि अर्जावर "समस्त रहिवासी" असं आलं. ते मीच लिहिलं. समस्त म्हणजे आम्ही अडतीस. मागच्या वस्तीतली हजारभर माणसं त्या समस्तमध्ये कुठे होती, हे मी स्वतःला विचारलं नाही. नगरसेवकानं विचारलं होतं. मागच्या वर्षी मला म्हणाला, "बाई, मला निवडून दिलं नऊ हजार लोकांनी आणि फोन येतात तुम्हा चाळीस जणांचे. मी ऐकू कुणाचं?" मी म्हटलं, "जे फोन करतात त्यांचं." सगळे हसले. घरी येईपर्यंत मला स्वतःच्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटत होतं.

गेल्या आठवड्यात मी तुमच्या वाटेनं जाऊन आले.

म्हणजे घरापासून हमरस्त्यापर्यंत पायी, तिथून पहिली बस, मग मोठ्या चौकात उतरून दुसरी. घड्याळ बघून निघाले होते. एक तास चाळीस मिनिटं, तेही दुसरी बस लगेच मिळाली म्हणून. पहिल्या बसची पायरी एवढी उंच की मला एका कॉलेजच्या मुलीनं कोपराला धरून वर घेतलं. चौकातल्या थांब्यावर बसायला काही नाही. तिथे एक म्हातारा खांबाला टेकून उभा होता, हाताला पट्टी. मी विचारलं, डायलिसिसला? तो म्हणाला, हो. मागच्या वस्तीत राहतो, घरं रंगवायचा, आता होत नाही. म्हणाला, "पूर्वी पंचवीस मिनिटांत दारात. आता येताना डोळ्यांपुढे अंधारी येते, मग असाच कुठेतरी फुटपाथवर बसतो. लोकांना वाटतं प्यायलाय."

मग त्यानं मला विचारलं, "ती बस कुणी बंद केली, कळलं का हो?"

मी म्हटलं, "कुठल्यातरी समितीनं."

"कोण असतात हे?"

मी म्हटलं, "काय माहीत."

बारके, असं म्हणाले मी. गुडघा दुखत होता, दुसरी बस येत नव्हती आणि मी त्या माणसाच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले. वर आणखी त्यालाच विचारलं, की मग तुम्ही सुनावणीला जाऊन बोलला का नाहीत? तो म्हणाला, "गेलो होतो की. सात जण गेलो होतो, साडेदहाला. वही भरली होती."

केंद्रापर्यंत गेले. मागची तुमची इमारत शोधून काढली. दुसऱ्या मजल्यावर मेहुण्यांचा निळा टॉवेल वाळत होता. तो मीच दिला होता, दोन घेतल्यावर तिसरा फुकट होता म्हणून. खाली बराच वेळ उभी राहिले. वॉचमननं दोनदा विचारलं, कुणाकडे? मी म्हटलं, कुणाकडे नाही. आणि परत आले. येताना पावणेदोन तास लागले.

वर येऊन काय बोलणार होते? म्हणून आता लिहिते. समोर नसलीस की मला बोलता येतं.

वहीचं तुला नीट माहीत नसेल. सुनावणी अकराला असते, पण कार्यालयाच्या दाराशी टेबलावर वही उघडतात ती नऊला. पानावर वीस ओळी. ज्याला बोलायचं त्यानं नाव लिहायचं. वीस नावं झाली की कारकून वही मिटतो. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटी. हे कुठे लिहून लावलेलं नाही. विचारलं तरच सांगतात. आम्हाला ते ट्रकांच्या वेळी कळलं, आणि तेव्हापासून आमची पद्धतच पडली. मी नऊला जायचं, वेगवेगळ्या चार पेनांनी वीस नावं लिहायची. ज्यांना बोलता येतं ते चारपाच जण अकराला येतात. बाकीच्यांची नावं पुकारली की मी उठून म्हणायचं, "कामामुळे येऊ शकले नाहीत." त्यांची पाळी जाते, पण ओळ अडलेली असते. समोरच्या बाजूला ओळच मिळत नाही. यात बेकायदा काही नाही, असं मॅनेजरसाहेब म्हणायचे, आणि मी म्हणायची, नाहीच मुळी.

मागच्या सुनावणीच्या दिवशी माझी एकोणीस नावं लिहून झाली होती. यादीतला विसावा, कोपऱ्यावरचा चष्मेवाला, आदल्या रात्री नाही म्हणाला होता. नवीन कुणाचं नाव घालावं म्हणून मी पेन धरून उभी होते, आणि तू जिना चढून आलीस. काखेत मेहुण्यांची फाइल. धापा टाकत होतीस. म्हणालीस, "ताई, बरं झालं तूच आहेस. एक ओळ आहे ना?"

मी पानावर तळहात ठेवला.

आणि म्हटलं, "भरली गं."

तू माझ्या हाताकडे बघितलंस. म्हणालीस, "बरं." आणि जाऊन मागच्या बाकावर बसलीस. तू वळल्यावर मी हात काढला आणि त्या ओळीवर ह्यांचं नाव लिहिलं. दुसरं कुठलं नाव सुचलंच नाही. चार वर्षं झाली होती त्यांना जाऊन. छापखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द जुळवले, पण स्वतः कधी कुणाविरुद्ध चकार शब्द काढला नाही. हॉटेलात चहा गार आला तरी पिऊन टाकायचे आणि वेटरला छान होता म्हणून सांगायचे. त्या माणसाला मी तक्रारीला उभं केलं.

पुढचं तू ऐकलंसच. कारकुनानं ह्यांचं पूर्ण नाव मोठ्यानं पुकारलं. दोनदा. मी सवयीनं उठले आणि म्हटलं, "प्रकृती ठीक नाही, येऊ शकले नाहीत." बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. मागे वळून पाहिलं तर तुझी जागा रिकामी, आणि दार हलत होतं.

कारण विचारशील तर आहे. हे गेल्यावर पहिलं वर्ष माझ्या घरात माझ्याशिवाय कुणाचा आवाज नव्हता. लेक लांबच्या देशातून रविवारी फोन करतो, त्याचं चित्र थांबतं आणि आवाज पुढे जातो. तुला मेहुण्यांचं करताना वेळ नव्हता, ती तक्रार नाही. मग एके दिवशी मॅनेजरसाहेब आले आणि म्हणाले, बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. तेवढ्यावरून सगळं सुरू झालं. मी आठ खुर्च्या घेतल्या. संध्याकाळी सहाला बेल वाजायला लागली. माणसं बसायची, भांडायची, चहा सांडायची. मला विचारायची, सचिवबाई, तुमचं काय मत? त्या दिवशी नऊ वाजता मला दिसत होतं की तुला ओळ दिली तर मॅनेजरसाहेबांना कळणार, आणि ती बेल वाजायची बंद होणार. मी बेल निवडली.

आता ३ तारखेचं. वही नऊला उघडते. तू पावणेनऊला ये. त्या रंगाऱ्यालाही मी दुसऱ्या बसमध्ये हे सांगितलंय, वस्तीतल्या सगळ्यांना घेऊन यायला सांगितलंय. त्यानं विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत? मी म्हटलं, माझी बहीण त्या बसनं जायची. तेवढं तरी खरं होतं.

मॅनेजरसाहेबांची यादी माझ्या पर्समध्ये आहे. ती मी वहीत उतरवणार नाही, असं आत्ता लिहायला मला आवडलं असतं. पण खरं सांगते, मला अजून माहीत नाही. ३ तारखेनंतर संध्याकाळी सहाला माझ्याकडे कोण येईल, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

तुझी,
ताई


५ मार्च, बुधवार

प्रिय बारके, आणि मेहुणे,

सुनावणीत काय झालं ते मेहुण्यांना तू सांगितलंच असशील. पण तू निम्म्यातून गेलीस, तेव्हा सगळं लिहिते.

मी साडेआठला पोचले, तर जिन्यावर अकरा माणसं. सगळ्यांत पुढे रंगारी, बाहीवर पिवळ्या रंगाचा जुना डाग. तू चौथी. केस किती पिकलेत गं तुझे. मला वाटलं तू बघशील, पण तू भिंतीवरचं घड्याळ बघत होतीस. मी बाराव्या जागी उभी राहिले. पर्समध्ये यादी होती, चारही पेनं होती. कारकुनानं मला ओळखलं आणि हात केला, "या बाई, पुढे या." मी म्हटलं, "रांग आहे." माझी पाळी आली तेव्हा मी माझं एकटीचं नाव लिहिलं.

सव्वानऊला मॅनेजरसाहेब आले. वहीत डोकावले, मग माझ्याकडे बघितलं. "बाई, हे काय?" मी म्हटलं, "साहेब, आठ ओळी अजून आहेत, तुम्ही तुमचं नाव लिहा." त्यांनी लिहिलं. बाकीच्या समितीला फोन करायला बाहेर गेले, पण दंतवैद्य पेशंटमध्ये होता आणि बाकीच्यांना नुसतं नाव द्यायची सवय, यायची नाही. मागून वस्तीतले आणखी चार जण आले, तरी तीन ओळी शेवटपर्यंत कोऱ्याच राहिल्या. ही वही मी आजवर कधी कोरी पाहिली नव्हती.

तू बोललीस ते मी शब्दन् शब्द ऐकलं. तू म्हणालीस, "आम्ही आता केंद्राच्या मागे राहतो. माझ्या यजमानांची तब्येत बरी आहे. बस सुरू झाली तरी आम्ही परत येणार नाही, तेव्हा मला स्वतःसाठी काही मागायचं नाही. मागच्या वेळी मला बोलायचं होतं, ते राहिलं. तेव्हाची माझी तीन मिनिटं घ्यायला मी आले आहे." मग फाइल उघडून तू वाचलंस, कुठल्या दिवशी किती वेळ लागला, कुठे चक्कर आली, किती वेळा उशीर झाला म्हणून मशीन अर्ध्यात बंद केलं. अधिकाऱ्यानं विचारलं, मागच्या वेळी का बोलता आलं नाही? तू म्हणालीस, "वही भरली होती. सचिवबाईंना विचारा."

सचिवबाई. मला तू कधी नावानं हाक मारली नाहीस, आणि ताईखेरीज दुसरं काही म्हटलं नाहीस. घंटी व्हायच्या आधी तू खाली बसलीस.

माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं. वही कशी भरतो ते, चार पेनांचं, आणि ह्यांच्या नावाचं. मला वाटलं होतं गलका होईल. काही झालं नाही. पंखा फिरत होता, कुणीतरी खोकलं. अधिकारी म्हणाले, "बाई, हे लेखी द्याल?" मी म्हटलं, देईन. तिथेच बसून दीड पान लिहून दिलं. त्यात तुझं नाव घातलं नाही, फक्त "एका स्त्रीस" असं लिहिलं.

ते लिहायला बसण्याआधी तू उठून निघालीस आणि मी तुझ्यामागे जिन्यापर्यंत आले. तू दोन पायऱ्या उतरून थांबलीस. मी विचारलं, "माझी पत्रं मिळाली का?" तू म्हणालीस, "ते वाचतात. मशीनवर चार तास काढायचे असतात, त्यांना बरं पडतं. मी नाही वाचत." मग आणखी एक पायरी उतरलीस आणि म्हणालीस, "मी त्यांना विचारलं, ताई काय लिहिते? तर म्हणाले, कारणं लिहिते."

तू गेल्यावर मॅनेजरसाहेब बोलले. आमच्या अर्जात आम्ही सगळं मोठमोठ्या शब्दांत लिहायचो, ध्वनिप्रदूषण, रहिवाशांचे आरोग्य. परवा पहिल्यांदा ते स्वतःच्या आईबद्दल बोलले. बोलता बोलता थांबले आणि चष्मा काढला. तर रंगारी उठला, त्याची पाळी होऊन गेली होती तरी, आणि म्हणाला, "साहेब, मग हॉर्न नका वाजवू म्हणावं ड्रायव्हरला. आम्हाला हॉर्न कुठे हवाय?" अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. सोमवारपासून बस परत सुरू. पहिली फेरी साडेसहाची, गल्लीत हॉर्न नाही, थांबा दंतवैद्याच्या दारापासून पुढे सरकवलाय. सहा महिन्यांपूर्वी हेच एका सकाळी झालं असतं. तो रंगारी साडेदहाला तिथेच होता.

वहीच्या ओळींचं प्रकरणही चौकशीला घेतलंय. मला बोलावतील. समितीनं मला काढलं, म्हणजे तसं पत्र काल दारातून आत सरकवलं. अक्षर शिवणाच्या बाईंचं. "सचिव" मधला चि ऱ्हस्व की दीर्घ यावर दोनदा खाडाखोड. ते वाचून मला हसू आलं आणि मग बराच वेळ रडू आवरेना. काल सहाला बेल वाजली नाही. आजही नाही. आठ खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात लावल्या, म्हणजे खोली मोठी दिसेल. दिसली. मोठीच आहे ती, मला एकटीला.

समिती मोडली नाही पाहिजे, हे माझं अजूनही मत आहे. उद्या पुन्हा कुणी ट्रक घातले तर एकट्यादुकट्याचं कोण ऐकणार? रंगाऱ्याला मी म्हटलंय, तुम्ही मागच्या वस्तीची काढा. तो म्हणाला, सचिव कोण होणार, आमच्यात कुणाचं अक्षर चांगलं नाही.

तळमजल्याचं घर मी घरमालकाला नको म्हणून सांगितलं. चौथ्यांदा गेले तेव्हा तो हसत होता.

मेहुणे, हे पत्र आधी तुमच्याच हातात पडणार. तिला मोठ्यानं वाचून दाखवा. ती नको म्हणेल, तरी वाचा. ती उठून स्वयंपाकघरात जाईल, नळ सोडेल, भांड्यांचा आवाज करेल. तेव्हा थांबा. नळ बंद झाला की ती दाराच्या आड उभी असेल, लहानपणापासून तशीच आहे. मग हे पुढचं तेवढं वाचा. यात कारण एकही नाही.

बारके, तुझी ओळ रिकामी होती. मी ती तुला दिली नाही. चुकलं माझं. मला माफ कर.

ताई